यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे प्रामाण्य

निसर्गाविषयीचे समीकरण आणि ते संगणकावर सोडवणारा प्रोग्रॅम यांच्यामध्ये पूर्वापार माणसाचा हात असतो. समीकरण अर्ध्या पानात मावते. त्याचा प्रोग्रॅम हजारो ओळींचा होतो, आणि त्या ओळी कुणीतरी एकेक करून लिहिलेल्या असतात. हा मधला हात काढून घ्यावा, काय मोजायचे आहे ते गणिताच्या काटेकोर भाषेत एकदाच लिहावे आणि त्यातून प्रोग्रॅम यंत्रानेच घडवावा, असा प्रयत्न संगणकशास्त्रात कित्येक दशके चालू आहे. त्या काटेकोर लेखाला विनिर्देश म्हणतात आणि त्यातून कोड घडवणाऱ्या प्रोग्रॅमला जनरेटर. तंत्र म्हणून हा विषय अभियंत्यांचा. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे: ज्या शब्दाला माणूस कर्ता नाही, तो शब्द निर्दोष मानावा का? भारतीय तत्त्वज्ञानातल्या मीमांसा आणि न्याय या दर्शनांचे विद्वान, म्हणजे मीमांसक आणि नैयायिक, यांनी या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला. त्या वादात घडलेल्या संकल्पना आजच्या प्रश्नाला इतक्या नेमक्या लागू पडतात, की त्या बाजूला ठेवून हा विषय मांडणे नुकसानीचे ठरेल.

विनिर्देश कशाचा आणि किती, हे एका ठिकाणावरून नीट कळते. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात लवळे आहे. गावालगतच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांची संकुले उभी आहेत. तिथून पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पुण्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. हा सगळा फरक पन्नासेक किलोमीटरांत होतो. आता लवळ्यावर उद्या किती पाऊस पडेल हा प्रश्न यंत्राला समजेल असा लिहायचा आहे. हवेच्या गतीचे समीकरण, वस्तुमान आणि ऊर्जा टिकून राहण्याचे नियम, बाष्पाचा हिशेब, एवढे सर्वमान्य आहे आणि थोडक्यात लिहून होते. मात्र संगणक अखंड आकाश हाताळू शकत नाही, म्हणून आकाशाच्या चौकटी पाडाव्या लागतात. भारतातले दैनंदिन अंदाज बरीच वर्षे सुमारे बारा किलोमीटरांच्या चौकटींवर निघत होते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली, मे 2025 मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरांवर उतरली. बारा किलोमीटरांच्या चौकटीत लवळे, पिरंगुट आणि आसपासचे डोंगर यांची सरासरी होऊन एकच उंची उरते. पाऊस देणारे ढग तर चौकटीपेक्षाही लहान असतात. त्यांचा एकत्रित परिणाम एखाद्या सूत्राने गृहीत धरावा लागतो. ते सूत्र मूलभूत नियमांतून आपोआप निघत नाही. निरीक्षणे पाहून, अनुभव लावून, काही सोडून आणि काही धरून माणसाने ते ठरवलेले असते.

म्हणजे इथे दोन अंतरे आहेत. एक विनिर्देशापासून प्रोग्रॅमपर्यंतचे, दुसरे निसर्गापासून विनिर्देशापर्यंतचे. जनरेटर पहिले अंतर पार करतो. दुसऱ्या अंतराशी त्याचा संबंध येत नाही. पुढचा सारा ऊहापोह या एका भेदावर उभा आहे.

पहिले अंतर यंत्राने पार करता येते, याची प्रात्यक्षिके आता भरपूर आहेत. तार्किक अटींवरून त्या पाळणारे मंडल (सर्किट) आपोआप रचता येईल का, हा प्रश्न अलोन्झो चर्च यांनी 1957 साली स्वच्छपणे मांडला होता. वैज्ञानिक गणनेत या कल्पनेला खरे बळ पुढे मिळाले ते मर्यादित क्षेत्रांत. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे चिन्हांत लिहिली तर एका ओळीत मावतात, पण घटकांत उलगडली की हजारो पदे होतात आणि एका चिन्हाची चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. म्हणून क्रॅन्क नावाच्या साधनाने ती पदे समीकरणांतूनच कोडमध्ये उतरवली, आणि एकमेकांत विलीन होणाऱ्या कृष्णविवरांच्या गणनांसाठी तो कोड वापरला गेला. गुरुत्वीय लहरींच्या शोधात अपेक्षित लहरींचे नमुने निरीक्षणांशी जुळवून पाहण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभापासून काम केले. तो नमुना ज्या गणनेतून येतो तिच्या शुद्धतेची किंमत या क्षेत्रातल्या माणसांना चांगली ठाऊक आहे. फेनिक्स आणि फायरड्रेक या प्रणालींत शास्त्रज्ञ समीकरण जवळजवळ पाठ्यपुस्तकात असते तसेच लिहितो आणि खालचा कोड यंत्र घडवते. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या एलएफरिक या नव्या मॉडेलमध्ये शास्त्रज्ञांनी भौतिकीचा भाग लिहायचा आणि हजारो प्रोसेसरांवर तो वाटण्याचा कोड साय्क्लोन या जनरेटरने घडवायचा, अशी विभागणी आहे.

पुण्यात या विचाराची मुळे जुनी आहेत. 1981 साली इथे स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने, म्हणजे टीआरडीडीसीने, मॉडेलमधून कोड निर्माण करण्याच्या तंत्रावर दीर्घकाळ काम केले. त्यातून मास्टरक्राफ्ट ही साधने आली. ती प्रामुख्याने बँका-विमा यांसारख्या व्यवसायांच्या सॉफ्टवेअरसाठी होती. विज्ञानाच्या बाजूने हा धागा दुर्बिणींपर्यंत पोहोचला. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेकडे स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या टेलिस्कोप मॅनेजर या नियंत्रणव्यवस्थेच्या आरेखनाचे नेतृत्व होते, आणि टीआरडीडीसी ज्या कंपनीचे केंद्र, त्या टीसीएसचे पुण्यातले संशोधक त्यात भागीदार होते. अशा यंत्रणेत कुठला घटक कुठल्या आज्ञा घेतो, कुठल्या स्थितीत कुठली आज्ञा नाकारतो, कुठला इशारा कुणाकडे जातो, हे एका खास वर्णनभाषेत लिहून त्यातून नियंत्रणाचा कोड काढण्याची दिशा या संशोधकांनी धरली. या उपयोगात विनिर्देशाचा कस चांगला लागतो, कारण दुर्बीण माणसानेच बांधलेली असते आणि तिचे नियम माणसाला पूर्ण ठाऊक असू शकतात. पावसाचे तसे नाही.

आता मूळ प्रश्न. जनरेटरचे समर्थक सांगतात की हाताने लिहिलेल्या कोडमध्ये दोष येतो तो माणसाच्या थकव्यातून, विसराळूपणातून, गैरसमजातून. माणूस बाजूला झाला की दोषाचे कारणच उरत नाही. हा युक्तिवाद नवा नाही. वेदाच्या प्रामाण्यासाठी मीमांसकांनी नेमका हाच युक्तिवाद केला होता. वाक्यात दोष शिरतो तो वक्त्याच्या भ्रमातून, बेसावधपणातून किंवा फसवण्याच्या इच्छेतून. वेद अपौरुषेय आहे, त्याला वक्ता नाही, म्हणून दोषाला जागा नाही. कुमारिल भट्टांनी सातव्या शतकाच्या सुमारास या भूमिकेला भक्कम रूप दिले, आणि तिला स्वतःप्रामाण्याच्या सिद्धान्ताची जोड दिली: ज्ञान हे मुळात प्रमाणच असते, ते अप्रमाण ठरते ते नंतर बाधक ज्ञान आले किंवा कारणातला दोष कळला तरच.

यंत्रनिर्मित कोडबद्दल हा सिद्धान्त कुठपर्यंत टिकतो? पहिल्या अंतरापुरता तो आश्चर्यकारकपणे टिकतो. जनरेटरचे प्रत्येक रूपांतर अर्थ राखणारे आहे हे एकदा सिद्ध झाले, तर त्यातून निघालेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा पुरावा लागत नाही, विनिर्देशाशी निष्ठा त्याला जन्मतःच मिळते. झाविए लरॉय यांनी फ्रान्समध्ये घडवलेला कॉम्पसर्ट हा कंपाइलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, अशा सिद्धतेसह उभा आहे, आणि इतर कंपाइलरांमध्ये शेकड्यांनी चुका शोधणाऱ्या 2011 सालच्या एका अभ्यासाला त्याच्या सिद्ध केलेल्या मध्यभागात एकही चूक आढळली नाही. ही मानवी बुद्धीची फार मोठी कमाई आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण मीमांसकांचे समीकरण इथे पुढे जात नाही. यंत्रनिर्मित कोड अपौरुषेय नाही. विनिर्देश माणसाने लिहिलेला असतो आणि जनरेटरही. माणसाचा हात निघून जात नाही, तो वरच्या पायरीवर सरकतो, आणि तिथे केलेली एक चूक यंत्र हजारो ओळींत अचूकपणे पसरवते.

दुसऱ्या अंतराची जात किती निराळी आहे, हे हवामानशास्त्राच्या आरंभीच्याच एका प्रसंगात दिसते. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने 20 मे 1910 च्या युरोपातल्या नोंदी घेऊन सहा तासांतला हवेच्या दाबाचा बदल समीकरणांवरून हाताने काढला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करताना हे गणित त्याने केले, आणि 1922 च्या आपल्या पुस्तकात ते प्रामाणिकपणे छापले. उत्तर आले 145 हेक्टोपास्कलांची वाढ. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाही नव्हता. पुढे पीटर लिंच यांनी हे गणित संगणकावर पुन्हा केले. रिचर्डसनची पद्धत मुळातून चुकलेली नव्हती. आरंभीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता, आणि त्या विसंगतीतून उठलेल्या वेगवान लहरींनी उत्तर गिळून टाकले. नोंदी आधी योग्य रीतीने गुळगुळीत केल्या की त्याच पद्धतीने समंजस उत्तर येते. ही गणना एखाद्या निर्दोष जनरेटरकडून करवून घेतली असती, तरी तेच 145 निघाले असते. एलएफरिक या नावातली पहिली तीन अक्षरे याच रिचर्डसनची आहेत, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आपल्या फसलेल्या उत्तराला त्याने दिलेली जागा विज्ञानाला अखेर फळली.

बिनचूक गणनेतून चुकीचे उत्तर निघण्याची हीच गोष्ट 1991 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत भयंकर रूपात घडली. स्लाइप्नर ए या सागरी तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीत बुडाला. ताण काढणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेल्या जाळीवर नेमून दिलेले काम केले होते. पण जाळीच एका कोपऱ्यात इतकी भरड आखली होती, की तिथला कर्तनताण 47 टक्क्यांनी कमी दिसला.

इथे नैयायिकांची बाजू लागते. त्यांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच दिसत नाही, ते बाहेरून कळते, आणि बाहेरची कसोटी म्हणजे प्रवृत्तीचे साफल्य: त्या ज्ञानाच्या आधारे पाऊल टाकले तर हाती काही लागते का. दुरून पाणी दिसले हे ज्ञान खरे, हे तहान भागल्यावर ठरते. लवळ्यावरचा अंदाज खरा की खोटा हे पर्जन्यमापक सांगतो. त्याविषयी विनिर्देशाची सुसंगती, जनरेटरची सिद्धता, कोडची शुद्धता यांपैकी कशालाही बोलण्याचा अधिकार नाही. थोडक्यात, कोडचे विनिर्देशाशी नाते मीमांसकांच्या वाटेने समजते आणि विनिर्देशाचे जगाशी नाते नैयायिकांच्या वाटेने. हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही दोन्ही नाती एकमेकांत मिसळून जात. अंदाज चुकला, तर ढगाचे सूत्र चुकले की एखाद्या ओळीत वजाऐवजी अधिक पडले, हे सांगता येत नसे. स्वयंचलित निर्मितीने वेळ वाचतो, पण तिची खरी देणगी म्हणजे हे दोन प्रश्न वेगळे झाले. पहिला मिटला की दुसऱ्याकडे स्वच्छ नजरेने पाहता येते.

नैयायिकांवर मीमांसकांचा एक आक्षेप होता, आणि तो इथेही उभा राहतो. एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्याने ठरवायचे, तर दुसऱ्याचे कोण ठरवणार? तिसरे, मग चौथे. याला अनवस्था म्हणतात. कोड जनरेटरवर, जनरेटर कंपाइलरवर, कंपाइलर प्रोसेसरवर विसंबतो. सिद्धता तपासणारा प्रोग्रॅमदेखील प्रोग्रॅमच असतो. केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की कंपाइलरमध्ये लपवलेली लबाडी मूळ कोड कितीही वाचला तरी सापडणार नाही अशी रचता येते. 1988 साली जेम्स फेट्झर या तत्त्वज्ञाने याहून खोल घाव घातला: सिद्धता देता येते ती अमूर्त पद्धतीची, प्रत्यक्ष यंत्रात घडणारी घटना मात्र भौतिक असते आणि तिच्याविषयीचे विधान अनुभवाच्याच कक्षेत राहते. त्यावर संगणकशास्त्रज्ञांत मोठा गदारोळ झाला. फेट्झर यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून सिद्धता निरर्थक ठरतात असा निष्कर्ष निघत नाही. नैयायिकांचे उत्तर जास्त समंजस आहे. परीक्षा जिथे संशय उठतो तिथेच लागते. सरावाच्या, वारंवार कसाला उतरलेल्या ज्ञानाला त्याच्या जातीवरून लगेच स्वीकारता येते, अनोळखी ज्ञानाला येत नाही. प्रयोगशाळांचा व्यवहार असाच चालतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या कंपाइलरवर कुणी रोज शंका घेत नाही, नव्या ढगसूत्रावर मात्र पहिल्या दिवसापासून घेतली जाते.

पहिले अंतर वाटते त्यापेक्षा लांब आहे, हेही सांगायला हवे. संगणकातले अंक तुटक असतात. त्यात तीन संख्यांची बेरीज क्रम बदलून केली तर उत्तर बदलू शकते. अखंड समीकरणापासून तुटक चौकटींपर्यंत येताना एक त्रुटी शिरते, चौकटींपासून यंत्रातल्या अंकांपर्यंत दुसरी. सिल्वी बोल्डो आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एकमितीय ध्वनिलहरीच्या एका छोट्या प्रोग्रॅमसाठी या दोन्ही त्रुटींची मर्यादा यंत्राने तपासलेल्या सिद्धतेने बांधून दाखवली. एकाच मितीतल्या साध्या लहरीसाठी एवढे श्रम पडले. मान्सूनच्या पूर्ण मॉडेलसाठी अशी सिद्धता आजच्या आवाक्याबाहेर आहे.

विनिर्देश हा स्वतंत्र ग्रंथ म्हणून कसा वाचावा, याचा सर्वांत जुना अनुभव भारतात व्याकरणाच्या परंपरेने घेतला. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे म्हणजे संस्कृत शब्दरूपे घडवणारी नियमव्यवस्था. धातू आणि प्रत्यय आत जातात, क्रमाक्रमाने नियम लागतात, सिद्ध शब्द बाहेर येतो. संगणकाशी तिचे साम्य दाखवून अभिमान बाळगणे सोपे आहे. त्याहून मोलाची गोष्ट पुढे घडली. कात्यायनाने वार्तिके लिहिली. वार्तिकाचे काम परंपरेने तीन भागांत सांगितले आहे: सूत्रात जे सांगितले (उक्त), जे सांगायचे राहिले (अनुक्त) आणि जे चुकीचे सांगितले गेले (दुरुक्त), त्याचा विचार करणे. विनिर्देश तपासण्याची याहून चांगली चौकट आजच्या अभियांत्रिकीकडेही नाही. यंत्र उक्ताची अंमलबजावणी करते, दुरुक्तही निष्ठेने अमलात आणते, आणि अनुक्ताविषयी गप्प राहते. रिचर्डसनच्या गणितात नोंदींचा मेळ असावा ही अट अनुक्त होती.

दोन सूत्रे एकाच जागी भिडली तर कोणते चालवायचे, हे ठरवणाऱ्या परिभाषांचे शास्त्र याच परंपरेत वाढले. मूळच्या महाराष्ट्रीय घराण्यातल्या आणि काशीत राहिलेल्या नागेश भट्टांचा परिभाषेंदुशेखर हा त्यातला प्रमुख ग्रंथ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ किलहॉर्न यांनी 1868 ते 1874 या काळात त्याची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. आज जनरेटर घडवणाऱ्याला नियमांच्या क्रमाचा आणि अपवादाचा जो पेच पडतो, त्याच्याशी या ग्रंथाने शब्दशः झुंज घेतली आहे. आणि पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच एक मर्यादा घालून दिली. घडे हवे असणारा कुंभाराकडे जातो, शब्द हवा म्हणून वैयाकरणाकडे कुणी जात नाही. शब्द लोकव्यवहारात आधीपासून असतात, शास्त्र त्यांच्या मागून येते. सूत्रातून निघालेले रूप लोकांत नसेल तर विचार सूत्राचा करायचा. विज्ञानातल्या विनिर्देशाची जागा हीच आहे. पाऊस आधी आहे, सूत्र नंतर.

मग असे म्हणावे का, की जनरेटरमधून नवे काहीच बाहेर पडत नाही, विनिर्देशात होते तेच उलगडते? अनुमानाविषयी हा आक्षेपही जुना आहे. याचे चांगले उत्तर एका उदाहरणात मिळते. एमआयटीत मात्तेओ फ्रिगो आणि स्टीवन जॉन्सन यांनी फूरिये रूपांतरासाठी एफएफटीडब्ल्यू घडवले. त्यातला कोड काढणाऱ्या जनरेटरने काही अशा गणनपद्धती शोधल्या ज्या आधी कुणालाच माहीत नव्हत्या. गणिताच्या दृष्टीने त्या व्याख्येतच दडलेल्या होत्या, तरी माणसाच्या ज्ञानात त्या नव्या होत्या. धुरावरून डोंगरावरचा अग्नी कळतो तेव्हा अग्नी नवा नसतो, पण तो त्या डोंगरावर आहे हे कळणे नवे असते. यंत्राची निष्पत्ती अशा प्रकारे ज्ञान वाढवू शकते, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र ही वाढ व्याख्येच्या आतली आहे. ढगांचे न उमगलेले वर्तन तिच्यातून उमगत नाही.

अपौरुषेयत्व नाकारल्यावर नैयायिकांना शब्दाचे प्रामाण्य दुसरीकडे शोधावे लागले, आणि ते त्यांनी आप्तात शोधले. विषय प्रत्यक्ष जाणणारा, जाणले तसे सांगण्याची इच्छा असलेला वक्ता म्हणजे आप्त. उदयनाचार्यांनी वेदाचे प्रामाण्यही ईश्वर हा परम आप्त त्याचा कर्ता आहे यावर आधारले. (या संज्ञा मुळातून पाहायच्या असतील, तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश हाताशी असावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती भांडारकर संस्थेने 1928 मध्ये काढली.) यंत्रनिर्मित सॉफ्टवेअरला हा विचार लावला तर जबाबदारीची जागा स्पष्ट होते. कोडला कर्ता नाही असे म्हणून कुणालाच सुटता येत नाही. ढगाचे सूत्र कुणी निवडले, कोणत्या निरीक्षणांवर निवडले, कुठल्या प्रदेशात ते लागू नाही, हे विनिर्देशाबरोबर लिहिलेले असले पाहिजे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा ड्रासिल प्रकल्प या दिशेने जातो. गृहीतके, व्याख्या आणि समीकरणे यांचे ज्ञान एकदाच नोंदवायचे आणि त्यातून कोडबरोबर दस्तऐवजही निर्माण करायचे, म्हणजे कोड आणि त्यामागची गृहीतके एकमेकांपासून सुटत नाहीत. वैज्ञानिक सॉफ्टवेअरच्या सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

गेल्या काही वर्षांत भाषिक मॉडेलांनी कोड लिहायला सुरुवात केल्यावर प्रश्नाने वेगळे वळण घेतले आहे. इथे विनिर्देश काटेकोर नसतो, तो साध्या बोलण्यातला असतो. एकाच वर्णनातून दोनदा मागितले तर दोन वेगळे प्रोग्रॅम मिळू शकतात, आणि कुठले रूपांतर अर्थ राखणारे होते हे दाखवणारी साखळी नसते. म्हणजे पहिल्या अंतरापुरते जे स्वतःप्रामाण्य जनरेटरने कमावले होते, ते इथे मिळत नाही. आप्त म्हणावा असा कर्ताही उरत नाही, कारण विषय जाणतो आणि जाणले तसे सांगू इच्छितो असा कुणी या प्रक्रियेत कुठे आहे हे दाखवता येत नाही. राहतात त्या दोनच वाटा. एक, अशा मॉडेलकडून कोडऐवजी विनिर्देश आणि सिद्धता लिहून घ्यायच्या, त्या छोट्या आणि पूर्ण समजलेल्या तपासकाकडून तपासून घ्यायच्या, आणि कोड जुन्या विश्वासू जनरेटरला काढू द्यायचा. सिद्धता कुणी सुचवली याने तिच्या शुद्धतेत फरक पडत नाही, म्हणून ही वाट तत्त्वतः मोकळी आहे आणि तिच्यावर काम सुरूही झाले आहे. दुसरी, कोड जसा आला तसा घेऊन त्याची परीक्षा पूर्णपणे फळावर सोडायची. मुळशीतल्या पावसासारख्या विषयात, जिथे घाटमाथ्यापासून लवळ्यापर्यंत दर काही किलोमीटरांवर पाऊस बदलतो, दुसऱ्या वाटेला पर्जन्यमापकांचे दाट जाळे आणि पुष्कळ पावसाळ्यांच्या नोंदी लागतील. पहिल्या वाटेलाही ती लागतातच, पण तिथे अंदाज चुकला तर निदान चूक सूत्रात शोधायची एवढे आधीच ठरलेले असते.